‘भुंगा पडला’ म्हणजे नेमका कोणता?
एका शब्दाची अनेक रूपे आणि त्यांतून होणारी शेतकऱ्याची हानी

श्रावणाचा महिना आहे. पावसाने चार दिवस उघडीप दिली आहे. लोह्याहून अहमदपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एखाद्या गावात कृषि खात्याचा कार्यकर्ता सकाळी पोहोचतो. वेशीपाशीच एक शेतकरी त्यास गाठतो व म्हणतो, “साहेब, सोयाबीनला भुंगा पडलाय. औषध सांगा.” थोडे पुढे गेल्यावर दुसरा म्हणतो, “कपाशीवर भुंगेच भुंगे झाले आहेत.” तिसऱ्याची तक्रार बांधावरच्या भुंग्याची असते. आज तो गवतावर आहे, उद्या पिकात उतरेल, ही त्याची भीती. दुपारी एका घरी पाणी पिण्यास थांबावे, तर घरधनीण तुरीचे सूप पुढे करते आणि विचारते, “हा भुंगा कशाने जाईल हो?” संध्याकाळी निघता निघता एक वृद्ध शेतकरी गोठ्याचा वासा दाखवितो. वाशाला बोटभर रुंदीची गोल भोके पडली आहेत आणि त्यांतून एक मोठा काळा जीव गुणगुणत बाहेर पडत आहे. वृद्धही त्यास भुंगाच म्हणतो.

असा दिवस ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येतोच. एका दिवसात पाच तक्रारी, पाचही ठिकाणी शब्द एकच, आणि प्रत्यक्षात प्राणी मात्र पाच निरनिराळे! त्यांपैकी एक पिकाचा शत्रू, दोन शेतकऱ्याचे मित्र, एक कोठारातील चोर आणि एक तर मुळी त्या जातीचाच नाही. पाचही जणांस एकच औषध सांगितले, तर एकाचे कदाचित भले होईल व चौघांचे पैसे पाण्यात जातील. त्यांतील दोघांचे तर उलट नुकसान होईल. म्हणून औषधाचा विचार करण्यापूर्वी शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे.

कवींचा भुंगा आणि शेतातील भुंगेरा

‘भुंगा’ हा शब्द संस्कृतातील ‘भृंग’ या शब्दापासून आला आहे. भृंग म्हणजे भ्रमर, म्हणजेच फुलाफुलांवर गुंजारव करीत फिरणारा काळा जीव. आपण ज्याला माका म्हणतो, त्या वनस्पतीचे संस्कृत नाव भृंगराज, तेही याच शब्दाचे नातेवाईक होय. ‘भ्रमर’ या शब्दापासून मराठीत ‘भोवरा’ आला. मुलांच्या हातचा भोवरा, नदीच्या पाण्यातील भोवरा आणि वासराच्या कपाळावरील केसांचा भोवरा, हे सारे त्या गरगरण्यातून जन्मले. एखादी गोष्ट मनातून जाईनाशी झाली की डोक्यात भुंगा शिरला असे आपण म्हणतो, तेही त्याच्या अखंड गुणगुणण्यामुळेच.

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात या भ्रमराचा एक सुंदर दृष्टान्त आहे. कोरडे, कठीण लाकूड सहज पोखरणारा भ्रमर कमळाच्या कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, असा त्याचा आशय आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी केलेले हे निरीक्षण कीटकशास्त्राच्या कसोटीसही उतरते. वाळलेले लाकूड पोखरणारा हा भ्रमर म्हणजे एक प्रकारची मोठी मधमाशीच होय. तिला सुतार माशी असेही म्हणतात. गोठ्याच्या वाशात घर करणारा जीव तो हाच.

हा भ्रमर लाकूड खात नाही. त्याचा आहार फुलांतील मध व पराग यांचा असून लाकडातील बीळ केवळ पिलांच्या निवाऱ्यासाठी असते. तुरीच्या आणि वेलवर्गीय भाज्यांच्या फुलांवर तो हिंडतो व परागीभवनास मदत करतो. तेव्हा त्या वृद्ध शेतकऱ्याने वाशावर विष ओतण्याची गरज नाही. वाशाला रंग किंवा तेल द्यावे, जुनी भोके रिकामी झाल्यावर बुजवावीत आणि गोठ्यापासून दूर बांधावर दोन वाळके बांबू किंवा ओंडके त्याच्यासाठी राहू द्यावेत. एवढ्याने वासा वाचतो आणि तुरीचा सेवकही वाचतो.

शास्त्रात ज्यांना भुंगेरे म्हणतात तो वर्ग याहून अगदी वेगळा आहे. भुंगेऱ्याचे पुढचे दोन पंख कठीण कवचाचे बनलेले असतात. ते उडण्यासाठी नसून ढालीसारखे पाठीवर मिटलेले असतात आणि पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत जुळतात. उडण्याचे पातळ पंख त्यांखाली घडी घालून ठेवलेले असतात. म्हणूनच या गणास ढालपंखी असे समर्पक नाव मिळाले आहे. भ्रमराचे चारही पंख पातळ व उघडे असतात. पाठीवर ढाल व मध्ये सरळ रेषा दिसली तर भुंगेरा, न दिसली तर दुसरा कोणी, ही खूण शाळकरी मुलासही शिकविता येईल.

कीटकांच्या सर्व गणांत हा गण सर्वांत मोठा आहे. जगात आजवर नोंदल्या गेलेल्या भुंगेऱ्यांच्या जाती साडेतीन ते चार लाखांच्या घरात आहेत. इतक्या मोठ्या कुळातील सर्वांचा स्वभाव एकसारखा कसा असेल?

एकाच जिवाची दोन नावे

येथे आणखी एक घोटाळा होतो. भुंगेऱ्याच्या आयुष्यात अंडे, अळी, कोष आणि प्रौढ भुंगेरा अशा चार अवस्था असतात. अळीचे रूप भुंगेऱ्याहून इतके भिन्न असते की लोकांनी दोघांस दोन नावे दिली आणि दोघांचे नातेच विसरले गेले.

याचे ठळक उदाहरण हुमणीचे. उसाची, भुईमुगाची वा सोयाबीनची मुळे कुरतडणारी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकडी, पांढरी अळी प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंब, बाभूळ व बोरीच्या झाडांवर जमणारे तपकिरी भुंगेरे हेच त्या हुमणीचे आईबाप, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हे भुंगेरे रात्री झाडावर पाला खातात, तेथेच त्यांचे मीलन होते आणि उजाडण्यापूर्वी ते पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालतात. वर्षाकाठी त्यांची एकच पिढी होते. म्हणजे जूनमध्ये मारलेली प्रत्येक मादी पुढच्या वर्षभरातील हुमणी कमी करते.

यावरचा उपाय स्वस्त आहे, पण तो एकट्याने करून भागत नाही. संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान गावातील सर्वांनी मिळून कडुनिंबाच्या व बाभळीच्या फांद्या हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारावेत. शक्य तेथे प्रकाशसापळे लावावेत. एका शेतकऱ्याने केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर शेजारच्या झाडावरचे भुंगेरे बांध ओलांडून येणारच. ऑगस्टात मुळाशी अळी दिसू लागल्यावर धावपळ करण्यापेक्षा जूनमधील दहा संध्याकाळी उपयोगी लावणे अधिक हिताचे आहे.

आंब्याच्या खोडातून भुसा पडू लागला की आपण ‘भिरूड लागले’ असे म्हणतो. ते भिरूडही लांब मिशांच्या एका मोठ्या भुंगेऱ्याची अळीच होय.

सोयाबीनवरील चक्रीभुंगा

आता पहिल्या शेतकऱ्याच्या तक्रारीकडे वळू. गेल्या तीसएक वर्षांत नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन हे खरिपाचे मुख्य नगदी पीक झाले. दिवाळीची खरेदी, मुलांचे शिक्षण व पीककर्जाची फेड, सारे या एका पिकावर अवलंबून असते. त्यामुळे चक्रीभुंगा हे नाव या भागात घरोघरी पोहोचले आहे.

हा भुंगेरा सात ते दहा मिलिमीटर लांब, फिकट तपकिरी रंगाचा असून त्याच्या पंखांचा मागील भाग काळा असतो. मिशा जवळजवळ शरीराइतक्या लांब असतात. मादी पानाच्या देठावर, फांदीवर किंवा मुख्य खोडावर एकमेकांपासून सुमारे एक ते दीड सेंटिमीटर अंतरावर दोन समांतर चक्रे करते व त्यांमध्ये एक पिवळसर अंडे घालते. या चक्रांवरूनच त्यास चक्रीभुंगा हे नाव पडले. चक्रामुळे वरच्या भागास अन्नरस मिळत नाही व तो सुकून जातो. अंड्यातून निघालेली अळी देठातून फांदीत व फांदीतून खोडात शिरते आणि आतील गाभा खात खाली उतरते. पुढे पीक भरण्याच्या काळात झाड आतून पोकळ होऊन मोडते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. खोडमाशीची अळीही सोयाबीनचे खोड पोखरते. पण ती माशीची अळी आहे, भुंगेऱ्याची नव्हे. झाड सुकलेले दिसताच सरसकट ‘भुंगा’ म्हणू नये. देठावर किंवा फांदीवर दोन चक्रे दिसली तर चक्रीभुंगा समजावा. चक्रे नसून उभे चिरलेले खोड आतून लालसर, नागमोडी पोखरलेले दिसले तर खोडमाशी समजावी.

चक्रीभुंग्याचा बंदोबस्त करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) पेरणी दाट करू नये. उगवण तपासलेले बियाणे हेक्टरी सुमारे ६५ किलोप्रमाणे, दोन ओळींत ४५ व दोन रोपांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरावे. दाट व मऊ वाढलेल्या पिकात किडीस आसरा मिळतो.

(२) नत्र खतांचा वापर शिफारशीपेक्षा जास्त करू नये.

(३) जेथे हा भुंगा दरवर्षी येतो तेथे सोयाबीनमध्ये ज्वारी किंवा मक्याचे आंतरपीक टाळावे. शेताच्या कडेने सापळा पीक म्हणून धैंचा लावावा.

(४) पीक लहान असतानाच दर आठवड्यास शेतात फेरी मारावी. चक्र केलेले पान किंवा फांदी खालच्या चक्राच्याही खालून तोडून घ्यावी व नष्ट करावी. अंडे त्या दोन चक्रांच्या मधेच असते. म्हणून वेळेवर तोडलेले एक पान म्हणजे एक अळी कमी.

(५) ओळीच्या एक मीटर लांबीत तीन ते पाच प्रादुर्भावग्रस्त झाडे आढळली, तरच कीटकनाशकाचा विचार करावा. शेतात निरनिराळ्या ठिकाणी मोजणी करावी. केवळ बांधावरून अंदाज करू नये.

(६) अळी खोडात खोल शिरल्यानंतर वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून उशिरा केलेल्या तीन फवारण्यांपेक्षा वेळेवर केलेली पाहणी अधिक फलदायी ठरते.

कोणते औषध वापरावे व किती, हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या शिफारशीवरून व डब्यावरील लेबलवरून ठरवावे. शिफारशी बदलत असतात. मागील वर्षीची चिठ्ठी या वर्षी चालेलच असे नाही.

मित्रांस ओळखा

कपाशीवर ज्या शेतकऱ्यास ‘भुंगेच भुंगे’ दिसले, ते ढालकिडे होते. अर्ध्या वाटाण्याच्या आकाराचे, नारिंगी वा पिवळसर रंगाचे, पाठीवर काळे ठिपके किंवा नागमोडी पट्टे असलेले हे भुंगेरे मावा खातात. त्यांची अळीही मावा खाते; ती काळसर, खरबरीत व सुसरीच्या लहान पिलासारखी दिसते, म्हणून शेतकरी तिला कीड समजून मारतो. कपाशी, ज्वारी व विशेषतः रब्बीतील करडई या पिकांवर मावा वाढला की मागोमाग ढालकिडे येतात. एक ढालकिडा आपल्या आयुष्यात शेकडो मावा फस्त करतो. ढालकिड्यांची गर्दी झालेल्या शेतात घाईने फवारणी केली, तर मावा व ढालकिडे दोन्ही मरतात. परंतु मावा थोड्याच दिवसांत पुन्हा वाढतो आणि त्यास खाणारा कोणी उरत नाही. मग दुसरी फवारणी व पुढे तिसरी, असे चक्र सुरू होते. ‘साप साप म्हणून भुई धोपटणे’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. आणि भुई धोपटण्याचा खर्च शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.

मात्र ढालकिड्यांच्या कुळातही एक घरभेदी आहे. वांग्याच्या पानांचा हिरवा भाग खरवडून पानाची जाळी करणारा ठिपक्यांचा भुंगेरा दिसण्यास ढालकिड्यासारखाच असतो. मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत व चकचकीत असते. वांग्यावरील शत्रूची पाठ निस्तेज, बारीक लव असलेली असून तिच्यावर पुष्कळ, काहींत बारा तर काहींत अठ्ठावीस ठिपके असतात. तो पान खाताना दिसतो, मावा खाताना नव्हे. वांग्याच्या पानामागील त्याच्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके व काटेरी पिवळ्या अळ्या हाताने वेचून नष्ट कराव्यात.

तिसऱ्या शेतकऱ्याने बांधावर पाहिलेला भुंगेरा परदेशातून मुद्दाम आणलेला पाहुणा आहे. गाजर गवत १९५५ च्या सुमारास पुणे येथे प्रथम लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. ते अंगास लागून खाज व त्वचारोग होतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या नियंत्रणासाठी मेक्सिकोतून एक भुंगेरा भारतात आणण्यात आला व चाचण्यांनंतर १९८४ मध्ये बंगळूरच्या परिसरात सोडण्यात आला. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी उभ्या रेषा, ही त्याची खूण. अळी व भुंगेरा दोघेही गाजर गवताची पाने व शेंडे खातात. कोरड्या दिवसांत तो जमिनीत झोपून राहतो व पावसाबरोबर पुन्हा वर येतो.

हा भुंगेरा उद्या आपल्या पिकावर तर उतरणार नाही ना, ही शंका शेतकऱ्याने घेणे स्वाभाविक आहे. कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसल्यानंतर अशीच काळजी निर्माण झाली होती. तपासात आढळले की सूर्यफुलाच्या पानांवर पडलेल्या गाजर गवताच्या परागामुळे तो तेथे तोंड लावीत होता; सूर्यफुलाची प्रमुख कीड म्हणून तो ठरला नाही. तेव्हा बांधावरील या भुंगेऱ्यावर फवारणी करू नये. उलट, ज्या गावात तो नाही त्या गावी पावसाळ्यात काही शे भुंगेरे नेऊन गाजर गवतावर सोडावेत.

शेण गोळा करून जमिनीत नेणारा शेणकिडा हाही भुंगेराच. तो मातीत शेण मिसळतो व जमीन भुसभुशीत करतो. रात्री लुकलुकणारा काजवासुद्धा, नाव निराळे असले तरी, याच कुळातील. त्याची अळी गोगलगाय खाते. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडून अनेकांस दुबार पेरणीस भाग पाडले, हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना काजव्याची किंमत निराळी सांगावयास नको. काजवे गोगलगायींचा सर्व बंदोबस्त करतील असे नाही. पण बांधावरील गवत व झुडपे विनाकारण विषाने भिजवून आपणच आपले रखवालदार मारू नयेत.

कोठारातील भुंगा

घरधनिणीच्या सुपातील भुंगेरा मात्र खरा चोर आहे, आणि तो घरात येतो शेतातून. कडधान्यातील भुंगेऱ्याची मादी तुरीच्या वाळत्या शेंगांवर शेतातच अंडी घालते. मळणीनंतर ती वस्ती धान्याबरोबर घरी येते. पुढे साठवणीत दाण्यांवर चिकटलेले पांढरे ठिपके दिसतात, तीच अंडी. अळी दाण्यात शिरून आतला गर खाते आणि गोल भोक पाडून भुंगेरा बाहेर पडतो. भोक दिसले तेव्हा दाणा आधीच पोकळ झालेला असतो. म्हणून उपाय साठवणीपूर्वी करावयाचा असतो.

तूर, मूग, हरभरा कडक उन्हात चांगला वाळवावा. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. पोते, कणगी वा बळद आधी साफ करून त्यांतील फटी लिंपाव्यात. नव्या धान्यात जुने मिसळू नये. घरच्या खाण्याच्या कडधान्यास किलोमागे सुमारे पाच मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवावे. त्यामुळे अंडी जगत नाहीत. हवाबंद कोठी किंवा पिशवी मिळाल्यास उत्तम. शक्य तितक्या लवकर तुरीची डाळ करून घेण्याची आपल्याकडील जुनी रीतही शहाणपणाची आहे. कारण हा भुंगेरा अखंड दाण्यात वाढतो, डाळीत त्यास तेवढी सोय मिळत नाही. खाण्याच्या धान्यात शेतातील कीटकनाशक कदापि मिसळू नये.

ज्वारीतील सोंडे व पिठातील तांबडा भुंगेरा हेही याच गणातील. गहू फस्त करणाऱ्या ‘खापरा’ भुंगेऱ्याने तर आपल्याकडील शब्द थेट इंग्रजीत नेला आहे. जगभरच्या बंदरांवरील तपासनीस त्यास त्याच नावाने ओळखतात.

ऐकावे, पाहावे, मग सांगावे

तेव्हा ‘भुंगा पडलाय’ हे शब्द कानी पडताच कार्यकर्त्याने वहीतून औषधाचे नाव काढू नये. प्रथम पाच प्रश्न विचारावेत. पाठीवर ढाल आहे काय? तो पान खातो, दाणा खातो, की दुसऱ्या किडीस खातो? अळी पाहिली काय, आणि कोठे? एक मीटर ओळीत किती झाडे बाधित आहेत? पीक किती दिवसांचे आहे? ही उत्तरे बांधावर उभे राहून नव्हे, तर शेतात उतरून मिळतात. शक्य असल्यास कीड काचेच्या बाटलीत घालून ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवावी व तिचे नाव खाली लिहावे. वर्षभरात गावाची स्वतःची ओळखपेटी तयार होईल.

चुकीच्या फवारणीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. अनावश्यक अशी प्रत्येक फवारणी टळली, तर पाठीवर पंप घेणाऱ्या एका माणसावरील धोकाही टळतो.

त्या दिवशीच्या पाच तक्रारींचा हिशेब आता मांडून पाहावा. सोयाबीनमध्ये मोजणी केली. मीटरमागे एकच झाड बाधित निघाले, म्हणून चक्र केलेली पाने तोडण्यास सांगितले व आठवड्याने पुन्हा पाहावयाचे ठरले. कपाशीवरील ढालकिड्यांना हात लावला नाही. बांधावरील पाहुण्यास गाजर गवत खाऊ दिले. तुरीला ऊन व तेल दिले. वाशाला रंग दिला. पाच ठिकाणी भुंगा होता आणि त्या दिवशी विषाची बाटली एकाही ठिकाणी उघडावी लागली नाही.